गुणपत्रकाचे वाचन : शेकडेवारी व सरासरी यांचा एक पाठ

इयत्ता : सहावी व सातवी
विषय : अंकगणित, सहसंबंध : शारीरिक शिक्षण
घटक : अपूर्णांक, शेकडेवारी, सरासरी
तासिका : तीन
साहित्य : फळा, रंगीत खडू, रेघा आखलेले कागद

प्रास्ताविक

शेकडेवारी आणि सरासरी शिकविताना बहुधा व्याजाची, नफ्यातोट्याची व धान्याच्या भावाची उदाहरणे घेतली जातात. ती आवश्यक आहेतच. परंतु त्यांतील आकडे सोयीसाठी रचलेले असतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात लवकर येते. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले की त्यांच्या दृष्टीने ते उदाहरण संपते. खरोखर घडलेल्या एखाद्या घटनेचे आकडे हाती आले म्हणजे मात्र गणितावर आणखी एक जबाबदारी येऊन पडते. 'उत्तर किती?' या प्रश्नाच्या मागोमाग 'या उत्तराचा अर्थ काय?' हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत पाठ या दुसऱ्या प्रश्नासाठी योजिला आहे.

त्यासाठी अमेरिकेतील एका व्यावसायिक बास्केटबॉल सामन्याचे गुणपत्रक निवडले आहे. हा सामना २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी खेळला गेला. फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यू यॉर्क निक्स हे ते दोन संघ होत. वॉरियर्स संघाच्या विल्ट चेंबरलेन या खेळाडूने त्या रात्री एकट्याने १०० गुण मिळविले. सामना पाहावयास चार हजारांहून थोडे अधिक प्रेक्षक उपस्थित होते. या सामन्याचे चलच्चित्र उपलब्ध नाही. नभोवाणीवरील समालोचनापैकी चौथ्या भागाचे ध्वनिमुद्रण तेवढे उरले आहे. यास्तव त्या रात्री काय घडले हे जाणण्याचे मुख्य साधन म्हणजे बाकावर बसून एकेक फेक टिपणाऱ्यांनी केलेली नोंद. नोंद किती मोलाची असते, हे सांगण्यास यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

खेळाची आवश्यक माहिती

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाने शोधून काढला, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. १८९१ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ म्हणून तो रचला. व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. टोपल्यांना तळ असल्यामुळे चेंडू आत पडला की तो वरून काढावा लागे. टोपलीवरूनच खेळास नाव मिळाले.

पुढील आकडे समजण्यास एवढे नियम पुरेसे आहेत. एका वेळी प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू मैदानात असतात. ज्या व्यावसायिक संघटनेत हा सामना झाला, तिच्या सामन्यात बारा बारा मिनिटांचे चार भाग, म्हणजे एकूण ४८ मिनिटांचा खेळ असतो. खेळ चालू असताना केलेल्या मैदानी बास्केटचे त्या काळी दोन गुण मिळत. लांबून केलेल्या बास्केटला तीन गुण देण्याची पद्धत या संघटनेत १९७९-८० च्या हंगामापासून आली. प्रतिपक्षाने फाउल केल्यास ठराविक रेषेवरून अडथळ्याविना चेंडू टाकावयास मिळतो. त्यास फ्री थ्रो म्हणतात व तो साधल्यास एक गुण मिळतो. ज्या पासमुळे लगेच बास्केट होते, त्या पासची पास देणाऱ्याच्या नावावर 'साहाय्य' म्हणून नोंद होते.

फलकलेखन

पहिल्या तासिकेपूर्वी शिक्षकांनी खालील तक्ता फळ्यावर लिहून ठेवावा. प्रत्येक नावापुढे प्रथम मैदानी बास्केट, नंतर फ्री थ्रो व शेवटी गुण दिले आहेत. '६३ पैकी ३६' याचा अर्थ ६३ वेळा प्रयत्न केला व ३६ वेळा यश आले.

फिलाडेल्फिया वॉरियर्स
विल्ट चेंबरलेन : ६३ पैकी ३६, ३२ पैकी २८, १०० गुण
अल अ‍ॅटल्स : ८ पैकी ८, १ पैकी १, १७ गुण
पॉल अरिझिन : १८ पैकी ७, २ पैकी २, १६ गुण
टॉम मेशेरी : १२ पैकी ७, २ पैकी २, १६ गुण
गाय रॉजर्स : ४ पैकी १, १२ पैकी ९, ११ गुण
यॉर्क लॅरीस : ५ पैकी ४, १ पैकी १, ९ गुण
एड कॉन्लिन : ४ पैकी ०, फ्री थ्रो नाही, ० गुण
जो रुक्लिक : १ पैकी ०, २ पैकी ०, ० गुण
टेड लकनबिल : प्रयत्न नाही, फ्री थ्रो नाही, ० गुण
एकूण : ११५ पैकी ६३, ५२ पैकी ४३, १६९ गुण

न्यू यॉर्क निक्स
रिची गेरिन : २९ पैकी १३, १७ पैकी १३, ३९ गुण
क्लीव्हलँड बकनर : २६ पैकी १६, १ पैकी १, ३३ गुण
विली नॉल्स : २२ पैकी ९, १५ पैकी १३, ३१ गुण
डेव्ह बड : ८ पैकी ६; १ पैकी १; १३ गुण
डोनिस बुचर : ६ पैकी ३, ६ पैकी ४, १० गुण
अल बटलर : १३ पैकी ४, फ्री थ्रो नाही, ८ गुण
डॅरल इम्हॉफ : ७ पैकी ३, १ पैकी १, ७ गुण
जॉनी ग्रीन : ७ पैकी ३, फ्री थ्रो नाही, ६ गुण
एकूण : ११८ पैकी ५७, ४१ पैकी ३३, १४७ गुण

चार भागांतील गुण
वॉरियर्स : ४२, ३७, ४६, ४४
निक्स : २६, ४२, ३८, ४१
चेंबरलेन : २३, १८, २८, ३१

पहिली पायरी : पडताळणी

तक्ता पुढे ठेवताच विद्यार्थी १०० या आकड्याकडे धावतील. त्यांना प्रथम थांबवावे. हाती आलेला कोणताही हिशेब वापरण्यापूर्वी तो तपासून घ्यावा, ही सवय या पायरीवर लावावयाची आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक खेळाडू वाटून द्यावा आणि मैदानी बास्केटची दुप्पट करून तीत फ्री थ्रो मिळविण्यास सांगावे. चेंबरलेनचे ३६ × २ = ७२ आणि ७२ + २८ = १००. गेरिनचे २६ + १३ = ३९. अशा रीतीने सर्व ओळी जुळल्या म्हणजे उभ्या बेरजा कराव्यात. वॉरियर्सचे ६३ × २ + ४३ = १६९; निक्सचे ५७ × २ + ३३ = १४७. शेवटी चार भागांतील गुणांची बेरीज करावी. तीही १६९ व १४७ च भरते. आडवी, उभी आणि कालक्रमाची अशा तिन्ही वाटांनी एकच उत्तर आले म्हणजे पत्रकाची बेरीज बिनचूक आहे, असे म्हणता येते. गावातील दुकानदाराची वही असो वा शाळेचा हजेरीपट असो, तपासण्याची रीत हीच आहे.

यानंतर विचारावे, 'वॉरियर्सचा विजय किती गुणांनी झाला आणि ते गुण कोठून आले?' फरक २२ गुणांचा आहे. मैदानी बास्केट ६ अधिक, म्हणून १२ गुण, फ्री थ्रो १० अधिक, म्हणून १० गुण, मिळून २२. हरलेल्या संघाने प्रयत्न कमी केले होते काय? नाही. निक्सने ११८ वेळा चेंडू टाकला, वॉरियर्सने ११५ वेळा. येथून पुढील पायरी आपोआप सुरू होते.

दुसरी पायरी : 'किती' आणि 'किती पैकी'

वॉरियर्सचे ११५ पैकी ६३, म्हणजे शेकडा ५४.८, निक्सचे ११८ पैकी ५७, म्हणजे शेकडा ४८.३. प्रयत्न जवळजवळ सारखे असता यशाचे प्रमाण वेगळे पडले. छेद निरनिराळे असलेल्या दोन अपूर्णांकांची तुलना करण्यासाठी शेकडेवारीचा अवलंब का करावा लागतो, हे येथे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता खेळाडूंकडे वळावे. गेरिनचे ३९ गुण, बकनरचे ३३. मैदानी बास्केटच्या बाबतीत मात्र गेरिनचे २९ पैकी १३, म्हणजे शेकडा ४४.८, बकनरचे २६ पैकी १६, म्हणजे शेकडा ६१.५. गेरिनला आघाडी मिळाली ती १३ फ्री थ्रोंमुळे. एका प्रश्नाचे उत्तर गेरिन, दुसऱ्याचे बकनर. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रश्न वेगळे आहेत.

अ‍ॅटल्सने ८ पैकी ८, म्हणजे शेकडा १०० यश मिळविले. चेंबरलेनचे प्रमाण शेकडा ५७.१. तर मग अ‍ॅटल्स हा चेंबरलेनहून श्रेष्ठ ठरतो काय? या प्रश्नावर वर्गात चर्चा होऊ द्यावी. आठ प्रयत्न आणि त्रेसष्ट प्रयत्न यांतील शेकडेवारी सारख्याच वजनाची नसते. शिवाय ज्याच्या हाती चेंडू जाणार हे सर्वांस ठाऊक आहे, त्याच्याभोवती प्रतिपक्षाचे दोन-तीन खेळाडू उभे राहतात. इतरांना त्यामानाने मोकळीक मिळते. तरीही अ‍ॅटल्सने आलेली एकही संधी वाया घालविली नाही, ही गोष्ट १०० या आकड्याच्या झगमगाटात विसरली जाऊ नये. शेकडेवारी सांगताना तिच्या पाठीमागची मूळ संख्याही सांगावी, हा या पायरीचा निष्कर्ष फळ्यावर लिहून घ्यावा.

या पत्रकात एक मौजेची गोष्ट दडलेली आहे. वॉरियर्स संघाने ११५ पैकी ६३ मैदानी बास्केट साधले. आणि त्याच ११५ प्रयत्नांपैकी ६३ प्रयत्न एकट्या चेंबरलेनचे होते. अपूर्णांक एकच, ६३/११५. शेकडेवारी एकच, ५४.८. परंतु पहिली संघाच्या यशाचे प्रमाण सांगते आणि दुसरी चेंबरलेनच्या वाट्यास आलेल्या प्रयत्नांचे. नुसते 'शेकडा ५४.८' असे कोणी म्हटले, तर यांपैकी कोणती गोष्ट अभिप्रेत आहे हे कळण्यास मार्ग नाही. 'कशाचे, कशापैकी' हे दोन शब्द वगळून शेकडेवारी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर अपुरे का मानावे, हे या एका उदाहरणावरून पटविता येते.

तिसरी पायरी : सरासरी कोणाची?

वॉरियर्सचे नऊ खेळाडू मैदानात उतरले. १६९ ला ९ ने भागल्यास सरासरी सुमारे १८.८ येते. आता विचारावे, 'सरासरीपेक्षा अधिक गुण किती जणांना मिळाले?' विद्यार्थी अंदाजाने चार किंवा पाच म्हणतील. तक्ता पाहिल्यावर उत्तर निघेल, फक्त एकाला. अ‍ॅटल्सचे १७ गुणदेखील सरासरीच्या खालीच आहेत. नवांपैकी आठ जण सरासरीखाली, असा हा संघ आहे आणि तो जिंकलेला आहे.

निक्सचे आठ खेळाडू. १४७ भागिले ८ म्हणजे सुमारे १८.४. दोन्ही संघांच्या सरासरीत अर्ध्या गुणाचाही फरक नाही. परंतु निक्सचे तीन खेळाडू सरासरीच्या वर आहेत व पाच खाली. सरासरी जवळजवळ एकच असूनही रचना निराळी आहे.

येथे मध्यांक या कल्पनेची ओळख करून देणे सोपे जाते. वॉरियर्सचे गुण चढत्या क्रमाने मांडावे : ०, ०, ०, ९, ११, १६, १६, १७, १००. मधोमध येणारा आकडा ११. निक्सचे : ६, ७, ८, १०, १३, ३१, ३३, ३९. मधले दोन १० व १३; त्यांची सरासरी ११.५. चेंबरलेनचा १०० हा आकडा ५० असता तरी वॉरियर्सचा मध्यांक ११ च राहिला असता. सरासरी मात्र साडेपाच गुणांहून अधिक घसरली असती.

ही गोष्ट शिक्षकांनी आपल्या गुणतक्त्याशी ताडून पाहावी. वर्गात एकदोन विद्यार्थी अत्यंत हुशार असले की वर्गाची सरासरी चांगली दिसते आणि वर्ग चांगला चालला आहे असे समाधान वाटते. परंतु त्या सरासरीखाली किती मुले उभी आहेत, हे सरासरी सांगत नाही. त्यासाठी यादी वरपासून खालपर्यंत वाचावी लागते.

चौथी पायरी : एक दिवस आणि एक वर्ष

त्या रात्री चेंबरलेनने ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले, म्हणजे शेकडा ८७.५. एवढ्यावरून तो या कामात अतिशय तरबेज होता, असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु १९६१-६२ च्या संपूर्ण हंगामात त्याने १३६३ पैकी ८३५ फ्री थ्रो साधले. प्रमाण शेकडा ६१.३. त्या रात्री हंगामाच्या प्रमाणाइतकेच यश आले असते, तर ३२ पैकी सुमारे २० च साधले असते आणि त्याची गुणसंख्या ९२ झाली असती. शंभरी पुरी होण्यास त्याच्या नेहमीच्या बलस्थानाइतकाच त्याच्या नेहमीच्या उणिवेवर त्या दिवशी मिळालेला विजय कारणीभूत झाला.

म्हणून तो केवळ सुदैवाचा खेळ होता असे मात्र समजू नये. त्या हंगामात ८० सामन्यांत त्याने ४०२९ गुण मिळविले. सरासरी दर सामन्यास ५०.४. एका रात्रीचा आकडा डोळे दिपवितो, परंतु खेळाडूची खरी योग्यता हंगामाच्या आकड्यात दिसते. एकाच परीक्षेतील गुणांवरून विद्यार्थ्यास हुशार वा मंद ठरवू नये, हे तत्त्व शिक्षकांना ठाऊक असतेच. येथे ते आकड्यांनी सिद्ध होते.

पाचवी पायरी : आकडा हेच ध्येय झाले म्हणजे

पाठाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा असून तो घाईने आटोपू नये.

तिसरा भाग संपला तेव्हा वॉरियर्स १२५, निक्स १०६ अशी स्थिती होती. १९ गुणांच्या आघाडीमुळे निकालाविषयी फारशी उत्सुकता उरली नव्हती. चेंबरलेनचे मात्र ६९ गुण झाले होते. प्रेक्षकांना त्याची शंभरी पाहावयाची होती आणि त्याचे सहकारीही शक्य तितका प्रत्येक चेंडू त्याच्याकडेच देऊ लागले. निक्सच्या खेळाडूंना आपल्याविरुद्ध असा विक्रम व्हावा हे साहजिकच रुचेना. चेंडू चेंबरलेनच्या हाती जाऊ नये म्हणून ते वॉरियर्सच्या इतर खेळाडूंवर मुद्दाम फाउल करू लागले, आणि चेंडू आपल्याकडे असता वेळ काढू लागले. त्यावर उपाय म्हणून, आघाडीवर असलेला वॉरियर्स संघही चेंडू लवकर परत मिळावा यासाठी निक्सच्या खेळाडूंवर फाउल करू लागला. पुढे असलेल्या संघाने घाई करावी आणि मागे पडलेल्या संघाने वेळ दवडावा, असा उलटा प्रकार घडला. सामना संपण्यास ४६ सेकंद उरली असता चेंबरलेनचा शंभरावा गुण झाला.

हा बदल आकड्यांत दिसतो काय, हे विद्यार्थ्यांकडून शोधवून घ्यावे. प्रत्येक भागातील संघाच्या गुणांतून चेंबरलेनचे गुण वजा करावे. इतर खेळाडूंचे गुण पहिल्या भागात १९, दुसऱ्यात १९, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात १३ निघतात. याच चौथ्या भागात चेंबरलेनने २१ मैदानी प्रयत्न केले. पहिल्या तीन भागांत ते अनुक्रमे १४, १२ व १६ होते. एकाचे वाढले, इतरांचे घटले. संघाच्या एकूण गुणांकडे पाहून मात्र हे कळले नसते. ४६ च्या पाठोपाठ ४४ ही संख्या सर्वस्वी स्वाभाविक वाटते.

यात कोणी नियमभंग केला असे नाही, आणि चेंबरलेनचा पराक्रमही उणा ठरत नाही. तो पुरी ४८ मिनिटे मैदानात होता. शिवाय हुकलेल्या फेकींनंतर परत येणारा चेंडू, ज्यास रिबाउंड म्हणतात, तो त्याने २५ वेळा पकडला. परंतु एक गोष्ट उघड होते. नोंद ही खेळाचे वर्णन करण्यासाठी असते. एखादी विशिष्ट संख्या गाठणे हेच जेव्हा ध्येय होते, तेव्हा नोंद खेळाच्या मागून न चालता पुढे चालू लागते आणि खेळ तिच्यामागून वाकत जातो. संख्या खरीच असते. पण ती ज्याचे माप म्हणून घेतली, ती वस्तूच बदललेली असते.

शाळेच्या बाबतीत हा विचार अधिक गंभीर आहे. निकालाची टक्केवारी, पटावरील हजेरी, वाचन येणाऱ्या मुलांची संख्या हे आकडे शाळेच्या कामाचे वर्णन करण्यासाठी मागविले जातात. त्यांतील एखादा आकडा गाठणे हेच काम होऊन बसले, तर ज्या मुलावर थोडे श्रम घेतल्यास आकडा सुधारेल त्याच्याकडे सारे लक्ष जाते आणि ज्याला सर्वांत अधिक मदतीची गरज आहे तो मागील रांगेत तसाच राहतो. पत्रक भरताना खाडाखोड झालेली नसते, बेरीजही चुकलेली नसते. तरीही ते पत्रक त्या मुलाविषयी काहीच सांगत नाही. बास्केटबॉलच्या मैदानावर याचे मोल पाच-सहा गुणांचे होते. वर्गात ते एका मुलाच्या शिक्षणाचे आहे.

सहावी पायरी : पत्रकाच्या बाहेर राहिलेले

आता तक्त्यातील जो रुक्लिक या नावावर बोट ठेवावे. मैदानी प्रयत्न एक, यश शून्य, फ्री थ्रो दोन, यश शून्य, गुण शून्य. या ओळीवरून त्याचे काम निरर्थक ठरविण्याचा मोह होतो. परंतु चेंबरलेनचा शंभरावा गुण ज्या बास्केटने झाला, त्यासाठी चेंडू पुरविणारा खेळाडू हाच रुक्लिक होता. गाय रॉजर्सचे ११ च गुण दिसतात. पण त्याच्या नावावर २० साहाय्ये आहेत. साहाय्याची नोंद पत्रकात स्वतंत्र रकान्यात होत असे म्हणून आज हे सांगता येते. फळ्यावरील तक्त्यात तो रकाना घेतलेला नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी आणि रकाना गाळल्यामुळे कोणावर अन्याय झाला ते विचारावे.

काही गोष्टींना त्या काळी रकानाच नव्हता. प्रतिपक्षाची फेक हवेत अडविणे आणि त्याच्या हातून चेंडू हिरावणे यांची अधिकृत मोजणी या संघटनेत १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. सात फूट एक इंच उंचीच्या चेंबरलेनने त्यापूर्वीच्या कारकीर्दीत किती फेकी अडविल्या, हे अधिकृत पत्रकांत सापडत नाही. फेकी अडविल्या गेल्या. त्या मोजल्या गेल्या नाहीत, एवढेच. त्याचप्रमाणे निक्सचा नेहमीचा मध्यभागी खेळणारा खेळाडू फिल जॉर्डन हा प्रकृती ठीक नसल्यामुळे खेळू शकला नाही आणि त्याच्या जागी आलेला इम्हॉफ फाउलांमुळे वीसच मिनिटे खेळला, हेही गुणांच्या रकान्यात दिसत नाही.

त्या रात्री आकडेवारीचे काम पाहणारे हार्वे पोलॅक हे वॉरियर्सचे प्रसिद्धी-अधिकारी असून वृत्तपत्रासाठी बातमीही तेच पाठवीत होते. सामन्यानंतर त्यांनी एका कागदावर १०० हा आकडा लिहून चेंबरलेनच्या हाती दिला आणि त्याचे छायाचित्र काढण्यात आले. ते छायाचित्र जगभर गेले. कागदावर तीनच अंक आहेत. पत्रकावर सतरा खेळाडूंची नावे आहेत. विद्यार्थ्यांनी दोन्ही पाहावयास शिकावे.

उपयोजन

तिसऱ्या तासिकेस शाळेच्या मैदानावर कबड्डीचा छोटा सामना घ्यावा. दोन विद्यार्थ्यांना गुणलेखक नेमावे व त्यांनी एकमेकांचे न पाहता नोंद करावी. प्रत्येक खेळाडूपुढे पुढील रकाने आखावेत : एकूण चढाया, गुण मिळालेल्या चढाया, रिकाम्या चढाया, चढाईत बाद, पकडीत प्रत्यक्ष भाग, पकडीस साथ. सामना संपल्यावर दोन्ही पत्रके ताडून पाहावीत. जेथे फरक पडेल तेथे कोणी चुकला यापेक्षा फरक का पडला याचा शोध घ्यावा. बहुधा 'साथ' या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतलेला आढळेल. काय मोजावयाचे हे आधी ठरले नसेल तर मोजणी जुळत नाही, हे ज्ञान पुस्तकातून मिळणे कठीण आहे.

ज्या शाळेत पट लहान आहे, तेथे लंगडी अथवा दोन-दोन मुलांचा नेमबाजीचा खेळ घेऊनही हे काम होईल. जमिनीवर वर्तुळ आखून दहा पावलांवरून खडे टाकावेत. प्रयत्न व यश हे दोन रकाने पुरतात.

स्वाध्याय

१. चेंबरलेनचे संपूर्ण सामन्यातील मैदानी यश ६३ पैकी ३६ आणि चौथ्या भागातील २१ पैकी १२. दोन्ही अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहा. काय आढळते? (उत्तर : दोन्ही ४/७)

२. चारही भागांत वॉरियर्सची निक्सवरील आघाडी वा पिछाडी काढा व त्यांची बेरीज करा. (उत्तर : १६ अधिक, ५ उणे, ८ अधिक, ३ अधिक, एकूण २२ अधिक)

३. चेंबरलेनने पहिल्या तीन भागांत अनुक्रमे ९ पैकी ९, ५ पैकी ४ व ८ पैकी ८ फ्री थ्रो साधले आणि चौथ्यात १० पैकी ७. पहिल्या तीन भागांची मिळून शेकडेवारी काढा व चौथ्या भागाशी तुलना करा. (उत्तर : २२ पैकी २१, शेकडा ९५.५; चौथ्या भागात शेकडा ७०)

४. चेंबरलेन वगळता वॉरियर्सच्या आठ खेळाडूंचे एकूण गुण, मैदानी यशाची शेकडेवारी व गुणांची सरासरी काढा. (उत्तर : ६९ गुण, ५२ पैकी २७, शेकडा ५१.९, सरासरी सुमारे ८.६)

५. १९६१-६२ च्या हंगामात चेंबरलेन ८० सामन्यांत ३८८२ मिनिटे खेळला. दर सामन्याची सरासरी काढा. सामना ४८ मिनिटांचा असता ही सरासरी ४८ पेक्षा अधिक कशी? (उत्तर : सुमारे ४८.५, बरोबरी झाल्यास जादा वेळ खेळावा लागतो)

६. गुण शून्य असलेल्या एका खेळाडूविषयी चार वाक्ये अशी लिहा की त्यांतील प्रत्येक विधान नोंदीवरून सिद्ध करता येईल.

शिक्षकांसाठी सूचना

सहावा प्रश्न सर्व विद्यार्थ्यांकडून अवश्य लिहवून घ्यावा. त्याचे मूल्यमापन करताना भाषेपेक्षा विधानाच्या खरेपणाकडे लक्ष द्यावे. जे विद्यार्थी 'त्याने काहीच केले नाही' असे लिहितील, त्यांना पुन्हा पत्रकाकडे पाठवावे. पत्रकात शून्य दिसते तेथे शिक्षकाने तीन प्रश्न विचारण्याची सवय स्वतःलाही लावून घ्यावी : काय मोजले, किती पैकी मोजले आणि काय मोजावयाचे राहिले. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तके भरण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे हेच तीन प्रश्न एकदा विचारावेत.